डिस्कमधला आईचा भाग

आमच्या घरच्या कम्प्युटरच्या डिस्कचे चार भाग केलेले आहेत आणि त्यांतला सगळ्यांत लहान भाग आईच्या नावाचा आहे, हे कित्येक वर्षं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर पोटापाण्यासाठी रामदासपेठेतल्या एका ऑफिसातले सगळे कम्प्युटर सांभाळते. ते ध्यानात आलं लांब रोटीमुळे.

लांब रोटीत आमच्या आईचा हात धरणारं आमच्या हुडकेश्वर वस्तीत कोणी नाही. पीठ इतकं सैल भिजवायचं की ते हातावरून ओघळलं पाहिजे, मग दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायचं आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मडक्यावर एका झटक्यात पसरायचं. गच्चीवर तिनं त्यासाठी चूल मांडून ठेवली आहे. शेजारच्या बायांनी मागच्या वर्षी शिकव म्हणून मागे लागून तिला बेजार केलं, तेव्हा तिनं तिखटाच्या डब्याला फोन टेकवून स्वतःचा व्हिडिओ काढला. आणि मग तिला त्याची गोडीच लागली. पाटवडी झाली, सांबारवडी झाली, वडाभात झाला. शेजारणीशी बोलावं तसं ती फोनशी बोलते. मधेच कुकरची शिट्टी झाली तर त्याला थांब म्हणून सांगते आणि उठून जाते, ते उठून जाणंही व्हिडिओत असतं. त्यामुळे तिचे व्हिडिओ मारुतीच्या शेपटीएवढे लांब होतात, व्हॉट्सॲपवरून कोणाला जात नाहीत आणि फोनमध्येच पडून राहतात.

मग फोन भरला. भरला तोही अशा वेळी की रोटी हातावर अधांतरी होती. तिनं ती मडक्यावर टाकली, फोनकडे पाहिलं, तर जागा नाही असं सांगून तो केव्हाच थांबलेला. आई रडणाऱ्यांतली नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "त्या कम्प्युटरमधी माह्या नावाचाही एक भाग आहे म्हणते ना? माहे व्हिडिओ त्यात टाकता येते का?"

येते, मी म्हटलं. तिला एवढंच नको होतं, ते आपल्या हातानं टाकता यायला हवे होते. तिला आम्हाला कोणाला सारखं विचारत बसायचं नव्हतं. मी तिला माउस धरायला शिकवला, फोनची वायर कुठे लावायची ते दाखवलं, आणि मोठ्या ऐटीत तिचा भाग उघडला. त्यात भावाच्या इंजिनिअरिंगच्या नोट्स होत्या आणि बाबांची भजनं. तिचं स्वतःचं काहीही नव्हतं. दुसऱ्यांचा पसारा बाहेर काढल्यावर उरलेली जागा एवढीशी होती की तिची नुसती पाटवडी त्यात मावली असती.

हे असं का, तर सीताबर्डीच्या ज्या दुकानातून कम्प्युटर जोडून आणला होता तिथल्या माणसानं आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे न विचारता डिस्कचे चार तुकडे करून दिले. एक भाग बिघडला तर दुसऱ्यातलं वाचतं, ही श्रद्धा आपल्याकडे घरोघर आहे. पुढे भावानं त्यावर लिनक्स टाकलं तेव्हा पहिला भाग मशीनला ठेवला आणि बाकीच्यांना नावं दिली. कोणाला किती जागा, हे ठरताना बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि आई चहा करत होती. बाबांचा भाग अवाढव्य निघाला, भावाचा ठीकठाक, आणि आईचा जो उरला तो.

आता भाऊ बंगळुरूला असतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. त्याला फोन केला तर म्हणाला, ताई, सोपं आहे, चार कमांडचं काम. ज्या कामाला तो सोपं म्हणतो त्या कामात माझा आठवडा जातो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी दसऱ्याच्या आत करून देते म्हणून आईला शब्द दिला, कारण दसऱ्याला पाहुणे येतात, लांब रोटी होते, आणि तिला ती अख्खी टिपायची होती.

पहिली अडचण बाबा. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये कंट्रोल रूममध्ये त्यांचा जन्म गेला. तिथे मशीन उघडायची असेल तर आधी परमिट काढावं लागतं. म्हणजे ड्युटीवरचा ऑपरेटर सही करून देतो की आता इथे काम करा, आणि त्यानं दिल्याशिवाय कोणी बटनाला बोट लावत नाही. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी आमच्या घरी गिझर दुरुस्त करायलासुद्धा परमिट लागतं. मी त्यांना म्हटलं, बाबा, तुमचा भाग जवळजवळ रिकामा आहे, त्यातली थोडी जागा आईला देऊ या. ते म्हणाले, असू दे, उद्या लागली तर. मी विचारलं, कशाला लागेल? ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण रिकामी का होईना, जागा आपली असावी. वर त्यांनी विचारलं की शटडाउन किती घंट्यांचं आहे, आणि मी नीट सांगू शकले नाही म्हणून त्यांनी मान हलवली.

दुसरी अडचण डिस्कच. माझा राग कोणावर जास्त आहे असं कोणी विचारलं तर मी डिस्ककडे बोट दाखवीन, कारण बाबा निदान जेवायला तरी उठतात. रिकामी जागा होती बाबांच्या भागाच्या शेपटाला, आणि आईचा भाग होता त्यांच्या डोक्याशी. बसच्या बाकावर मधल्या माणसाला ऐसपैस बसायचं असेल तर शेजारच्यानं खिडकीकडे सरकायला पाहिजे, तसं बाबांचं जे काही भरलेलं होतं ते सगळंच्या सगळं उचलून पुढे सरकवायचं होतं. त्याशिवाय आईचा भाग वाढत नव्हता.

चित्रं दाखवणारा, माउसनं ओढून जागा कमीजास्त करणारा सोपा प्रोग्राम आमच्या जुन्या मशीनवर उघडायला तयार होईना. मग राहिला काळा पडदा आणि त्यावर हातानं टाइप करायच्या आज्ञा. त्या काळ्या पडद्याचा स्वभाव आमच्या एका आत्यासारखा आहे. चूक झाली की लांबलचक बोलणार, आणि नीट चाललं असेल तर तोंडातून अवाक्षर काढणार नाही. मी बाबांचा भाग आखडून घे म्हटलं, तर तो म्हणाला आधी तपासून घे. तपास म्हटलं, तर म्हणाला हा भाग वापरात आहे. वापरात कसा, म्हणून पाहते तर मागे त्याच मशीनवर बाबांचं भजन चालू. भजन बंद केलं, तरी वापरातच. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करावी तर मशीन पेन ड्राइव्हला ओळखच दाखवेना, त्यासाठी मशीनच्या सेटिंगमध्ये आत शिरून एक खूण बदलावी लागली, आणि ती खूण शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. ऑफिसातून थकून यायचं, आंघोळ करून त्या खुर्चीत बसायचं आणि पुन्हा तीच ‘वापरात आहे’ची पाटी वाचायची. माझ्या नाकी नऊ आले. आई स्वयंपाकघरातून विचारायची, झालं का वं? मी खेकसायची, की झालं की सांगीन.

बाबांचं सामान आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवायला हवं होतं. माझ्याकडची डिस्क लहान, सगळं मावणार नव्हतं. मी त्यांना म्हटलं, महत्त्वाचं तेवढं निवडून द्या. ते रोज चष्मा लावून बसायचे, पॉवर हाऊसमधले फोटो पाहायचे, कॉलनीतल्या गणपतीचे पाहायचे, एखादा मोठा करून मलाही दाखवायचे. शेवटी म्हणाले, सगळंच महत्त्वाचं आहे. म्हणजे काहीच उतरवलं गेलं नाही. कपाळावर हात मारून घेतला मी. पण जागा द्यायला मात्र त्यांनी होकार दिला, बहुधा माझी चिडचिड ऐकून कंटाळून. घे, म्हणाले, सरकव काय सरकवायचं ते.

खंडेनवमीच्या सकाळी कुठे सगळं जुळून आलं. भाग तपासून झाला, आखडून झाला, आता राहिलं होतं सरकवणं. मी आज्ञा दिली, एंटर दाबलं, आणि पडदा गप्प झाला. म्हणजे काम सुरू झालं. मला ऑफिसात पूजेला जायचं होतं, कारण खंडेनवमीला आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरलाही हळदकुंकू लागतं आणि ते लावायचं काम माझं. निघताना मी दोघांनाही बजावलं की मशीन काहीही दाखवत नसली तरी तिला हात लावायचा नाही, संध्याकाळपर्यंत तिचं चालेल. दोघांनी मान डोलावली.

दुपारी परत आले तर पुढच्या खोलीत उदबत्तीचा वास. कम्प्युटर ओल्या फडक्यानं पुसलेला. पुढच्या बाजूला हळदकुंकवाची बोटं, पडद्यावर झेंडूचं फूल, की-बोर्डापुढे नारळ. आणि मशीन बंद.

कोणी बंद केली, म्हणून मी विचारलं. आई पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "मीच केली. पूजा होती ना."

मग माझा तोल सुटला. मी तिला काय काय म्हटलं ते लिहायला लाज वाटते, पण थोडक्यात सांगायचं तर ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावतेस, असं म्हटलं. सरकवणं अर्ध्यात तुटलं होतं, म्हणजे बाबांचं अर्धं सामान जुन्या जागी, अर्धं नव्या जागी, आणि मधलं कुठेच नाही. तेवढ्यात भावाचा फोन आला, त्याला सांगितलं, तर तोही तिथून म्हणाला, आईला त्या मशीनजवळ जाऊ देऊ नकोस. फोन स्पीकरवर होता. आईनं ते ऐकलं. तिनं नारळ उचलला, देव्हाऱ्याजवळ नेऊन ठेवला आणि म्हणाली, नाही लावत हात. एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. बाबा दारात उभे होते.

उरलेला दिवस मी बाबांचं सामान गोळा करत बसले. तुटलेल्या भागातून तुकडे वेचून काढणारा एक प्रोग्राम असतो. तो चालवला, तर गठ्ठाभर फोटो निघाले, त्यांची नावं गेलेली, काहींचं खालचं अर्धं करडं. गणपतीची आरास आहे आणि गणपती नाही. कंट्रोल रूममध्ये माणसं ओळीनं उभी आहेत आणि छातीखाली कोणीच नाही. बाबा मागे खुर्ची टाकून बसले होते आणि एकेक फोटो येताना पाहत होते. जो फोटो ते शोधत होते तो आला नाही, असं त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी मात्र तोंडाचा पट्टा चालूच ठेवला होता. निघताना सांगून गेले, दहादा सांगून गेले, आईच्या बाबतीत सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"तिले नको बोलू," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, का नको? बटन तिनंच दाबलं ना?

"बटन तिनं दाबलं. पण परमिट माह्यं होतं." त्यांचा आवाज अगदी ड्युटीवरचा होता. "ती मले विचाराले आली, बंद करू का म्हणून. मी कितीतरी वेळ पाहून राहिलो होतो, एक अक्षर हलून नाही राहिलं होतं. मले वाटलं मशीन ट्रिप झाली. मीच म्हटलं, कर बंद, करून घे पूजा."

ज्या माणसानं आयुष्यभर मीटरचे काटे हलताना पाहिले त्याला न हलणारा पडदा म्हणजे बंद पडलेली मशीन. हे मला कळलं. तरी मला त्यांचा प्रचंड राग आला. चूक केली म्हणून नाही, तर दुपारी दारात उभं राहून आईला बोलणी खाऊ दिली म्हणून. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. पॉवर हाऊसमध्ये असं झालं असतं तर चौकशीत माझं नाव लागलं असतं, म्हणाले, तिचं नाही. मग ते उठले, भावाला फोन लावला आणि त्यालाही हेच सांगितलं. त्यानं काय म्हटलं ते ऐकू आलं नाही, पण बाबा म्हणाले, आईशी बोल. आई म्हणाली, हातात पीठ आहे, उद्या बोलीन.

दसऱ्याच्या सकाळी बाबा आंघोळ करून सोवळ्यातच माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. जे वाचलं ते बाहेरच्या डिस्कवर गेलं होतं. मी विचारलं, आता तुमचा भाग पुन्हा किती मोठा करू? ते म्हणाले, मला कशाला, माझं आता सगळं त्या बाहेरच्या लहानशा डिस्कमध्ये मावतं, ती सगळी जागा तिलाच देऊन टाक.

आणि बघा कसं असतं. ज्या कामासाठी मी इतक्या संध्याकाळी डोकं फोडलं, ते पापणी लवायच्या आत झालं. सरकवायला काही उरलंच नव्हतं. बाबांचा मोडका भाग पुसला, आईचा भाग वाढव म्हटलं, तपासून घे म्हटलं, आणि पडदा एका शब्दानंही कुरकुरला नाही. आईचा भाग घरात सगळ्यांत मोठा झाला. मला आनंद व्हायला हवा होता. पण दात-ओठ खाऊन मिळवायची गोष्ट अशी फुकट हातात पडली की चीडच येते. तरी मी आईला हाक मारली, फोन घेऊन ये म्हणून.

ती गच्चीवरून खाली आली, कोपरापर्यंत पीठ, आणि चेहऱ्यावर मी आठवडाभर पाहिला नव्हता असा उजेड. फोन तिनं पदरात धरला होता.

"आज पूर्ण आला व्हिडिओ," ती म्हणाली. "रोटी टाकली, पलटवली, उतरवली, मधात कुठंच थांबला नाही."

मी विचारलं, थांबला कसा नाही? जागा कुठून आली फोनमध्ये?

"काल पुसले ना मी जुने." ती हात झटकत म्हणाली. "तू कामात होती. मले कम्प्युटरले तर हात लावाचा नव्हता. मग बसल्या बसल्या एकेक पुसत गेली. तरी जागा होईना, तर फोननंच विचारलं, कचऱ्यातलंही काढू का. म्हटलं काढ. झाली जागा."

पाटवडी, सांबारवडी, वडाभात, कुकरच्या शिट्टीला थांब म्हणणं, सगळं. मी तिच्या फोनमध्ये वर-खाली करून पाहिलं. एकच व्हिडिओ होता. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती म्हणाली, काहून, काय झालं? पुन्हा करता येते ना, पदार्थ काय कुठं पळून जातात? मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि ओरडता येईना, कारण हात लावू नकोस हे कालचे शब्द माझे होते, आणि तिनं ते पाळले होते. आमच्या घरात त्या आठवड्यात सांगितलेलं कोणी ऐकलं ते एवढं एकदाच.

मी वायर लावली. तिला खुर्चीत बसवलं, माउस तिच्या हातात दिला. तिनं पीठ लागलेल्या बोटानं तो धरला, व्हिडिओवर नेला, ओढला आणि आपल्या भागात सोडला. एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत तो एकटा जाऊन बसला.

बाबा आमच्या दोघींच्या मागे उभे होते. चष्मा त्यांच्याजवळ नव्हता, त्यामुळे पडद्यावर काय आहे ते त्यांना नीट दिसत नव्हतं.

"मावले का तिचे सगळे?" त्यांनी विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो बाबा, सगळे मावले.